डाळिंब टाळा, असे यादी म्हणते

आमच्या परिचयाचे एक निवृत्त गणितशिक्षक सोलापुरात राहतात. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाब थोडा जास्त. त्यासाठी रोज सकाळी एक गोळी. त्यांच्या पाहुण्यांची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे, त्यामुळे हंगामात घरी एक पेटी ठरलेली. गेल्या हंगामात मात्र सरांनी आलेली पेटी न फोडताच शेजारी देऊन टाकली. कारण विचारले तेव्हा त्यांनी खिशातून घडी केलेला एक छापील कागद काढला. ‘औषधे चालू असताना काय टाळावे’ असा त्याचा मथळा होता. डाव्या रकान्यात औषधे, उजव्या रकान्यात पदार्थ. ‘रक्तदाबाची औषधे’ यासमोर लिहिले होते : ग्रेपफ्रूट, डाळिंब.

त्याच सुमारास सरांचे गुडघे दुखत होते. त्यांनी दुकानातून एक साधी वेदनाशामक गोळी आणली आणि दिवसातून दोनदा अशी सुमारे तीन आठवडे घेतली. यादीत तिच्याबद्दल काही नव्हते, म्हणून त्यांना शंकाही आली नाही. मग पायांवर सूज दिसू लागली, आटोक्यात असलेला रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले, तर क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावलेले. वेदनाशामक बंद केल्यावर काही दिवसांत सर्व पूर्ववत झाले. वेळेवर लक्षात आले म्हणून निभावले.

सरांनी यादी पाळली होती. यादीने त्यांच्या ताटातले निरुपद्रवी फळ काढून घेतले आणि हातातली उपद्रवी गोळी तशीच राहू दिली. असे कागद आज घरोघर आहेत. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत येतात, दवाखान्याच्या भिंतीवर लागतात, शाळेच्या आरोग्य-फलकावर विद्यार्थी ते सुवाच्य अक्षरांत उतरवून काढतात. त्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. परंतु चांगल्या हेतूने लिहिलेला मजकूरही तपासून पाहावा लागतो. तो कसा तपासावा, हे या लेखात पाहू.

भांडण कुठे होते?

एका औषधामुळे दुसऱ्या औषधाचा परिणाम वाढणे, कमी होणे किंवा बदलणे याला औषधांची आंतरक्रिया म्हणतात. दुसऱ्या औषधाच्या जागी एखादा खाद्यपदार्थही असू शकतो. या आंतरक्रिया शरीरात मुख्यतः तीन ठिकाणी घडतात.

पहिले ठिकाण पोट व आतडे. दुधातील कॅल्शियम सिप्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या प्रतिजैविकांना धरून ठेवते, त्यामुळे औषध रक्तात नीट शोषले जात नाही. लोहाच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीला अशाच अडवतात. येथे उपाय सोपा आहे : दोहोंमध्ये डॉक्टर सांगतील तितक्या तासांचे अंतर ठेवायचे.

दुसरे ठिकाण यकृत आणि आतड्याचे अस्तर. परक्या रेणूंचे विघटन करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, तेथे असतात. त्यांच्यातील सायटोक्रोम पी-४५० हे मोठे कुटुंब आहे आणि त्यातील ‘३ए४’ या नावाचे विकर फार मोठ्या संख्येने औषधे हाताळते. एखाद्या पदार्थाने हे विकर बंद पाडले तर दुसरे औषध रक्तात साठते. उलट विकराचे प्रमाण वाढवले तर औषध काम करण्याआधीच नाहीसे होते.

तिसऱ्या प्रकारात दोन औषधांचे रेणू एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, पण त्यांच्या परिणामांची बेरीज किंवा वजाबाकी होते. ॲस्पिरिन आणि वॉरफरिन या दोन्हींमुळे रक्त गोठणे कठीण होते. दोन्ही एकत्र घेतली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. आमच्या सरांची अडचण या तिसऱ्या प्रकारातली होती. त्यांच्या कागदावरची फळे मात्र दुसऱ्या प्रकारातून आली होती. ती तेथे कशी आली, ते पाहू.

एका रसाची गोष्ट

कॅनडात ओंटारिओ प्रांतातील लंडन या शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते अभ्यासत होते. मद्याची चव कळू नये म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळले. रक्तातील औषधाचे प्रमाण मोजले, तर मद्य घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांतही ते अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले. ही गोष्ट १९८९ मध्ये प्रथम नोंदली गेली. पुढे १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाण्याबरोबर आणि रसाबरोबर अशी थेट तुलना केली गेली. पाण्याबरोबर घेतल्यावर जेवढे औषध रक्तात पोचले, त्याच्या सरासरी २८४ टक्के ते रसाबरोबर पोचले. संत्र्याच्या रसाने असे काही झाले नाही.

कारण नंतर उलगडले. ग्रेपफ्रूटमध्ये फ्युरानोकुमरिन गटातील रसायने असतात. ती आतड्याच्या अस्तरातील ३ए४ विकराला कायमचे निकामी करतात. पेशींनी नवे विकर तयार करेपर्यंत एक ते तीन दिवस जातात. म्हणून सकाळी रस आणि रात्री गोळी, असे अंतर ठेवून येथे उपयोग होत नाही. दूध आणि प्रतिजैविकाच्या उदाहरणाशी तुलना केली की कारण माहीत असण्याचे महत्त्व कळते. ‘एकत्र घेऊ नका’ हे एकच वाक्य दोन्हींना लागू पडते, पण करायचे मात्र वेगवेगळे असते.

येथे आपल्या कागदातील पहिला दोष दिसतो. त्यात ‘रक्तदाबाची औषधे’ असा सरसकट शब्द आहे. रक्तदाबाची औषधे अनेक गटांतील असतात. फेलोडिपिनचे विघटन ३ए४ करते, म्हणून त्यावर रसाचा परिणाम होतो. सरांच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड होते. टेल्मिसार्टनचे रूपांतर पी-४५० कुटुंबाकडून होत नाही, वेगळ्याच मार्गाने होते. हायड्रोक्लोरोथायझाइड तर जवळजवळ जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते. ग्रेपफ्रूटच्या या गोष्टीचा सरांशी संबंधच नव्हता.

दुसरा दोष शब्दांचा. ग्रेपफ्रूट हे लिंबूवर्गीय फळ आपल्याकडे क्वचित दिसते, आणि नावात ‘ग्रेप’ असल्यामुळे त्याचे ‘द्राक्ष’ असे भाषांतर होण्याचा धोका असतो. द्राक्षे पिकवणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात ही चूक लहान म्हणता येणार नाही. ग्रेपफ्रूटचा खरा नातेवाईक आपल्याकडचे पपनस आहे. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्रे यांचा संकर आहे. पपनसातही फ्युरानोकुमरिने असतात आणि त्याच्या रसामुळे सायक्लोस्पोरिन या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढल्याचे २००६ मध्ये माणसांवरील अभ्यासात दिसले आहे. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला सायक्लोस्पोरिन दिले जाते. म्हणजे मराठी वाचकासाठी लिहिलेल्या यादीत पपनस हवे होते. आमच्या कागदावर ते नव्हते.

डाळिंब यादीत कसे शिरले?

सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ पासून शहराजवळ केगावला आहे. तेव्हा डाळिंबावरचा आरोप सोलापूरकरांनी तरी काळजीपूर्वक वाचला पाहिजे. आपले फळ म्हणून त्याची बाजू घ्यायची नाही, आणि छापून आले म्हणून आरोप मानायचाही नाही.

आरोपाला आधार आहे. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये मानवी यकृतातून काढलेल्या विकरांवर परीक्षानळीत प्रयोग केला. मिश्रणात पाच टक्के डाळिंबाचा रस घातला, तर ३ए विकराचे काम जवळजवळ थांबले. परिणाम ग्रेपफ्रूटच्या तोडीचा होता. मग त्यांनी उंदरांना रस पाजून कार्बामॅझेपिन हे फिट्सवरचे औषध दिले. रक्तातील औषधाचे एकूण प्रमाण सुमारे दीडपट झाले. येथवरची माहिती बाहेर पडली आणि याद्यांमध्ये डाळिंब लिहिले गेले.

पण गोष्ट येथे संपत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झाला. मिडाझोलाम या औषधाचे विघटन ३ए विकरे करतात, त्यामुळे त्या विकरांचे काम किती चालले आहे हे मोजायला ते सोयीचे असते. ग्रेपफ्रूटच्या रसानंतर तोंडाने घेतलेल्या मिडाझोलामचे रक्तातील एकूण प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. डाळिंबाच्या रसानंतर ते जवळजवळ होते तेवढेच राहिले. २०११ मध्ये जपानमध्येच स्वयंसेवकांना दोन आठवडे डाळिंबाचा रस देऊन पाहिले. तेव्हाही मिडाझोलामवर लक्षणीय परिणाम दिसला नाही.

परीक्षानळीतील निकाल खोटा होता का? नाही. नळीत रस आणि विकर यांची थेट गाठ पडली. शरीरात रस जठरात आणि आतड्यात पातळ होतो, त्यातील मोठे रेणू फोडले जातात, बरेचसे शोषलेच जात नाहीत. विकरापर्यंत जे पोचते ते नळीतल्यापेक्षा फार कमी असते. नळीतील प्रयोग ‘असे होऊ शकेल का?’ या प्रश्नाचे उत्तर देतो. ‘असे होते का?’ हे शेवटी माणसातच पाहावे लागते. यादीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली छापले, आणि पुढे आलेले उत्तर घेतलेच नाही.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. वॉरफरिन घेणाऱ्या एखाद-दुसऱ्या रुग्णात डाळिंबाच्या रसामुळे फरक पडला असावा, अशा एकेकट्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. एका रुग्णावरून नियम बनत नाही. पण वॉरफरिनची मात्रा फार काटेकोर सांभाळावी लागते, म्हणून ते घेणाऱ्याने कोणताही आहार एकाएकी बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, हे योग्यच आहे.

दोन गोळ्या, तीन औषधे

आता यादीने काय सांगितले नाही ते पाहू. सरांच्या लेखी हिशेब साधा होता : रक्तदाबाची एक गोळी आणि गुडघ्याची एक, एकूण दोन. पण रक्तदाबाच्या गोळीत दोन औषधे होती. म्हणजे एकूण औषधे तीन, आणि त्यांच्या जोड्याही तीन.

मूत्रपिंडातील गाळणीला पुरेशा दाबाने रक्त मिळावे लागते. लघवी वाढवणारे औषध शरीरातील पाणी व मीठ कमी करते. टेल्मिसार्टनच्या गटातील औषधे गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सैल करतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवणाऱ्या प्रोस्टाग्लॅंडिन या रसायनांची निर्मिती रोखतात. पाणी कमी, येणारी वाट अरुंद आणि जाणारी वाट मोकळी, असे तिन्ही एकदम झाले की गाळणीतला दाब पडतो. शिवाय ही वेदनाशामके शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळे सूज येते आणि रक्तदाबाच्या औषधाचा गुणही कमी होतो.

हा केवळ तर्क नाही. ब्रिटनमधील रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या सुमारे ४ लाख ८७ हजार लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे त्रिकूट एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंडांना अचानक इजा होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त आढळले. पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी जास्त. हे आकडे वाचून घाबरण्यापूर्वी मूळ प्रमाण किती ते विचारायला हवे. त्या संपूर्ण समूहात ही इजा दर १०,००० लोकांमागे वर्षाला सुमारे ७ जणांना झाली होती. म्हणजे एकेका व्यक्तीचा धोका लहान आहे. पण रक्तदाब आणि गुडघेदुखी एकाच वयात एकत्र येतात आणि अशा गोळ्या घेणारे असंख्य आहेत, म्हणून एकूण संख्या लहान राहत नाही. टक्केवारी कशाच्या तुलनेत आहे, हा प्रश्न वर्गात एवढ्या एका उदाहरणावरून शिकवता येईल.

जोड्यांचे गणितही वर्गात करून घेण्यासारखे आहे. औषधांची संख्या न असेल तर जोड्या न × (न – १) ÷ २. पाच औषधांच्या १० जोड्या, आठांच्या २८, दहांच्या ४५. औषधे दुप्पट झाली की तपासायच्या जोड्या चौपटीहून जास्त होतात. त्यात एका गोळीत अनेक औषधे भरण्याची आपल्याकडे मोठी प्रथा. पुरेसे शास्त्रीय समर्थन नाही म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा ३२८ संयोगांवर आणि २०२४ मध्ये आणखी १५६ संयोगांवर बंदी घातली. उपयुक्त संयोगही आहेत. क्षयाच्या गोळ्या हे त्याचे उदाहरण. पण गोळीच्या नावावरून आत किती औषधे आहेत ते कळत नाही, ही अडचण सर्वच संयोगांना लागू आहे.

जाणकारांच्या याद्या तरी?

घरगुती कागद सोडा, तज्ज्ञांनी केलेल्या याद्या वापराव्यात, असे कोणी म्हणेल. त्या नक्कीच अधिक चांगल्या आहेत. पण त्यांच्यातही एकवाक्यता कमी आहे. अमेरिकेत २००४ मध्ये अशा चार संदर्भग्रंथांची तुलना प्रसिद्ध झाली. कोणत्या ना कोणत्या ग्रंथाने ‘गंभीर’ ठरवलेल्या ४०६ जोड्यांपैकी चारही ग्रंथांना गंभीर वाटलेल्या जोड्या अवघ्या ९ होत्या.

संगणकाने हे काम झपाट्याने होते. दोन नावे टाकली की इशारा येतो. मात्र इशारे इतके येतात की डॉक्टर ते न वाचता पुढे जाऊ लागतात. २००६ मधील एका आढाव्यात औषधांविषयीचे ४९ ते ९६ टक्के इशारे डावलले गेल्याचे आढळले. लांडगा आला रे आला, अशी रोज हाक ऐकणाऱ्या गावकऱ्यांसारखी ही स्थिती आहे. म्हणून ‘जास्त सावध राहिले तर बिघडले कुठे?’ हा युक्तिवाद आम्हांला पटत नाही. प्रत्येक फुकटचा इशारा खऱ्या इशाऱ्याचे वजन थोडे कमी करतो. आणि कित्येक घरांत अशा यादीचा परिणाम उलटाच होतो : आवडते फळ सोडण्याऐवजी माणसे गोळी सोडतात.

खरा इशारा चुकीच्या जागी असला तर काय होते, याचे उदाहरण जपानमध्ये घडले. सप्टेंबर १९९३ मध्ये तेथे सोरिवुडिन हे नागिणीवरचे नवे औषध बाजारात आले. थोड्याच आठवड्यांत १५ रुग्ण दगावले. हे रुग्ण कर्करोगासाठी फ्लुओरोयुरॅसिल गटातील औषध घेत होते. आतड्यातील जीवाणू सोरिवुडिनपासून जे रसायन तयार करतात, ते फ्लुओरोयुरॅसिलचे विघटन करणाऱ्या विकराला कायमचे निकामी करते, आणि कर्करोगाचे औषध विषासारखे साठत जाते. ही दोन्ही औषधे एकत्र देणे टाळावे, अशी सूचना माहितीपत्रकात होती. पण आंतरक्रियांच्या परिच्छेदात, इतर मजकुरात मिसळलेली. त्यातून त्या काळी जपानमध्ये कर्करोग झाल्याचे रुग्णाला सांगण्याची प्रथा सर्रास नव्हती. नागिणीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला रुग्णाने तरी काय सांगावे? माहिती होती, पण योग्य वेळी योग्य माणसापाशी नव्हती.

आपल्या पट्टीवर काय असते?

सोलापुरात गोळ्यांची पट्टी हातात घेऊन पाहावी. कंपनीने दिलेले नाव, औषधाचे मूळ नाव, तांबडी रेघ, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी इंग्रजीतील सूचना. चार गोळ्या कापून घेतल्या तर नाव बहुधा दुकानातच राहते. १ ऑगस्ट २०२३ पासून निवडक ३०० औषधांच्या वेष्टनावर चौकोनी संकेतचिन्ह छापणे सक्तीचे झाले आहे. त्यातून औषधाचे नाव, उत्पादक, बॅच, मुदत कळते. गोळी कोठे आणि केव्हा तयार झाली ते समजते. तिचे कोणाशी पटत नाही ते त्यातून समजत नाही.

या मौनाची किंमत कोण देते? सोलापूर हे विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे आणि यंत्रमागांचे शहर. घराघरांत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलली जाते. अशा घरातील एखाद्या तरुण स्त्रीला क्षय झाला, तर तिला सहा महिने रिफॅम्पिसिन घ्यावे लागते. हे औषध यकृतातील विकरांचे प्रमाण वाढवते. त्याच वेळी ती माला-एन किंवा माला-डी घेत असेल, तर त्यातील संप्रेरके लवकर नाहीशी होतात आणि गर्भ राहू शकतो. पश्चिम जर्मनीतील डॉक्टरांनी हे १९७१ मध्येच नोंदवले होते. उपाय ठाऊक आहे : क्षयाचे औषध मुळीच थांबवायचे नाही, आणि ते संपल्यावरही सुमारे चार आठवड्यांपर्यंत तांबीसारखे दुसरे साधन वापरायचे. पन्नास वर्षांहून जुनी ही माहिती. ‘डाळिंब टाळा’ असे सांगणाऱ्या कागदावर तिला एक ओळ मिळालेली नाही.

कायद्यात याची सोय आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टने रुग्णाशी स्वतः बोलावे आणि औषध व अन्न यांच्या संभाव्य आंतरक्रियाही सांगाव्यात, अशी अपेक्षा आहे. दुकानातील गर्दीत हे घडत नसेल, तर आपण विचारले पाहिजे. विचारणारा गिऱ्हाईक असला की सांगणाराही तयार होतो. औषधाचा दुष्परिणाम झाल्याची शंका असेल तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही कळवता येते.

वर्गात काय करावे?

यादी फेकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. तिला चार प्रश्न विचारावेत. कोणते औषध : गट सांगितला आहे की नेमके नाव? कोणात दिसले : नळीत, प्राण्यात की माणसात? किती फरक पडला? आणि मग करायचे काय : अंतर ठेवायचे, मात्रा बदलायची की टाळायचे? ज्या ओळीला चारही उत्तरे नाहीत, ती फलकावर लिहू नये.

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आणखी एक काम देता येईल. घरातील औषधांच्या पट्ट्यांवरून मूळ नावांची यादी करायची. औषधे शाळेत आणायची नाहीत आणि कोणती गोळी कोणाची हे विचारायचे नाही; तो घरच्यांचा खाजगी प्रश्न आहे. एका गोळीत किती औषधे आहेत ते मोजावे, तेच औषध दोन वेगळ्या नावांनी घरात आहे का ते पाहावे, जोड्या किती होतात ते सूत्राने काढावे. दुकानातून आणलेली वेदनाशामके, काढे, चूर्णे हेही यादीत हवे. तेही औषधच आहे. अशी यादी आजी-आजोबांच्या हाती दिली आणि त्यांनी ती प्रत्येक डॉक्टरांना व फार्मासिस्टला दाखवली, तर खरी तपासणी तेथून सुरू होते. जोडी धोकादायक आहे की नाही हे विद्यार्थ्याने ठरवायचे नाही, आणि कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हेही त्याला स्पष्ट सांगावे.

आमच्या सरांच्या खिशात आता दुसरा कागद असतो. त्यावर त्यांच्या स्वतःच्या अक्षरात तीन नावे आहेत. त्यांतील तिसऱ्यावर त्यांनी काट मारली असून बाजूला ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही’ असे लिहिले आहे. डाळिंबाबद्दलही त्यांनी डॉक्टरांना विचारले. या हंगामातली पेटी त्यांनी घरीच फोडली, आणि त्यातली दोन फळे आम्हांलाही मिळाली.